पळीभर तेल: शिकून गेलेल्या माणसांना खान्देशनं कसं लक्षात ठेवलं

(एपिसोडचा लिखित मजकूर. ऐकताना नावं आणि सनावळ्या निसटतात, म्हणून बोललेलंच थोडं नीट करून इथे दिलंय.)



तुमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असेलच. त्यावर अधूनमधून एक मेसेज येतो. काळ्या चौकटीत फोटो, खाली दिव्याचं चित्र, 'दुःखद निधन'. मग हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते. भावपूर्ण श्रद्धांजली, ओम शांती, आरआयपी सर. संध्याकाळपर्यंत त्याच ग्रुपवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक येतो. यात दोष कुणाचाच नाही. वाईट बातमी आली की माणूस दोन शब्दच बोलतो. पण कधीतरी अशी रांग सावकाश वाचून बघा. गेलेल्या माणसानं तीस-चाळीस वर्षं काय काम केलं, हे बहुतेक वेळा एकाही मेसेजमध्ये नसतं. बॅच कुठली, एवढंच असतं.

म्हणून आजचा प्रश्न असा: शिकलेला माणूस गेल्यावर त्याची आठवण टिकते म्हणजे नेमकं काय टिकतं? आणि ते टिकवायला काय लागतं? उत्तर शोधायला आपल्याला जळगाव आणि धुळे जिल्ह्यांच्या बाहेर जायची फारशी गरज नाही. पाटणादेवी, धुळे, अमळनेर आणि जळगाव, चार ठिकाणं पुरेत.

पाटण, सन १२०७

चाळीसगावजवळ, गौताळ्याच्या जंगलाच्या पायथ्याशी पाटणादेवी आहे. नवरात्रात गेला असाल, पावसाळ्यात धबधबा बघायला गेला असाल. तिथल्या देवीच्या देवळात एक शिलालेख आहे. बरेचसे लोक दर्शन घेतात, सेल्फी काढतात आणि त्याच्यासमोरून निघून जातात.

लेख शके ११२८ चा आहे, श्रावणी पौर्णिमेचा, आणि त्या दिवशी चंद्रग्रहण होतं. इंग्रजी तारीख काढली तर ९ ऑगस्ट १२०७. एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांच्या नजरेस आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. हे भाऊ दाजी म्हणजे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर. पेशंट बघता बघता जुने लेख वाचायचे. पुढे कीलहॉर्न या जर्मन संस्कृत पंडितानं लेखाची वाचना करून ती छापली.

लेखात काय आहे? चांगदेव नावाच्या ज्योतिषानं इथे एक मठ काढला. मठ म्हणजे इथे शिकायची-शिकवायची जागा, आजच्या भाषेत कॉलेज. अभ्यासक्रम ठरलेला: आपले आजोबा भास्कराचार्य यांचे ग्रंथ, 'सिद्धांतशिरोमणी' वगैरे. हो, तेच भास्कराचार्य, 'लीलावती'वाले. जन्म १११४, आणि 'सिद्धांतशिरोमणी' लिहिला ११५० मध्ये, म्हणजे छत्तिसाव्या वर्षी.

(हे संत चांगदेव नव्हेत, मुक्ताईनगरजवळच्या चांगदेव गावाशी ज्यांचं नाव जोडलंय ते. हे यादव राजा सिंघण याच्या दरबारातले ज्योतिषी. नावात गोंधळ होतो म्हणून सांगून ठेवतो.)

आता या लेखातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. त्यात घराण्याची वंशावळ आहे, पण नुसती 'अमुकचा मुलगा तमुक' अशी नाही. त्रिविक्रम, मग भास्करभट्ट, मग गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, मग आपले भास्कराचार्य, त्यांचे चिरंजीव लक्ष्मीधर आणि शेवटी चांगदेव. नऊ पिढ्या. आणि कोणी काय केलं तेही दिलंय. भास्करभट्टांना भोजराजानं 'विद्यापती' ही पदवी दिली. लक्ष्मीधरांची विद्वत्ता बघून जैत्रपाल राजानं त्यांना याच गावातून नेलं आणि आपल्याकडच्या पंडितांचं प्रमुख केलं. म्हणजे पदवी कोणती, नोकरी कुठे, कुणी दिली, विषय कोणता. दगडावर कोरलेलं लिंक्डइन म्हणा ना! फरक इतकाच, की हे बहुतेक मृत माणसांचं होतं आणि पुढच्या विद्यार्थ्यांनी वाचावं म्हणून कोरलेलं होतं.

लेख इथे संपत नाही. वरचा भाग संस्कृतात आहे, पण शेवटच्या काही ओळी त्या काळच्या मराठीत आहेत. भाषा का बदलली असावी? मला वाटतं, खालचा मजकूर पंडितांसाठी नव्हताच, बाजारातल्या लोकांसाठी होता. तिथे लिहिलंय मठाचा खर्च कसा चालणार ते. इथल्या निकुंभ घराण्यातले सोइदेव आणि त्यांचे भाऊ हेमाडिदेव यांनी मठाला दान दिलं, आणि गावातल्या व्यवहारातून मठाला काय मिळणार तेही ठरवून दिलं. गिऱ्हाइकाकडून पोफळी, म्हणजे सुपाऱ्या. आणि जितके घाणे चालतात, त्या प्रत्येकामागे पळी पळी तेल.

पळीभर तेल. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे हे वाचून माझ्या डोक्यात एकच शब्द आला: मेंटेनन्स. चांगदेवांना कळलं होतं की आजोबांचं नाव कोरून आजोबा टिकत नाहीत. त्यांचं पुस्तक रोज कुणीतरी शिकवलं पाहिजे, शिकवणाऱ्याला जेवायला मिळालं पाहिजे आणि रात्री वाचायला दिवा पेटला पाहिजे.

मठ आज नाही. तेल देणारे घाणेही नाहीत. पण 'लीलावती' देशभर शिकवली गेली, नकलून घेतली गेली, आणि १५८७ मध्ये अकबराच्या दरबारातल्या फैजीनं तिचं फारसीत भाषांतरही केलं. भास्कराचार्य टिकले ते त्यांचा ग्रंथ लोक वापरत राहिले म्हणून.

तीन विद्यापीठं, एक कॉलेज

आता उडी मारू थेट विसाव्या शतकात. कारण 'विद्यापीठाचा माजी विद्यार्थी' ही गोष्ट आपल्याकडे इंग्रजी अमदानीत आली. मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८५७ मध्ये. खान्देशातल्या मुलाला पदवी हवी असेल तर मुंबई किंवा पुणे गाठावं लागे. पदवीधर इतके थोडे होते, की १८९० च्या दशकात 'आपले पदवीधर अकाली का मरतात?' या प्रश्नावर न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रा. गो. भांडारकरांसारख्या लोकांनी जाहीर चर्चा केली. समाजाला एकेक पदवीधर मोजावासा वाटत होता, असा तो काळ.

जळगावचं मूळजी जेठा कॉलेज आणि अमळनेरचं प्रताप कॉलेज, दोन्ही १९४५ ची. तेव्हा ती मुंबई विद्यापीठाला जोडलेली. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ झालं, मग तिकडे. १५ ऑगस्ट १९९० ला जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं आणि जळगाव, धुळे, नंदुरबारची कॉलेजं इकडे आली.

याचा अर्थ बघा. एकाच कॉलेजच्या, एकाच वर्गात, कदाचित एकाच बाकावर बसलेल्या तीन पिढ्या. आजोबांच्या पदवीवर मुंबईचा शिक्का, आईच्या पदवीवर पुण्याचा, मुलीच्या पदवीवर जळगावचा. आमच्या धंद्यात याला म्हणतात डेटा तीन सर्व्हरवर पडलाय आणि जोडणारा धागा कुणाकडेच नाही. विद्यापीठाच्या नोंदीत तुम्ही परीक्षा पास झालात एवढंच राहतं. पुढचं आयुष्य विद्यापीठाला माहीतच नसतं. ते लिहायचं काम दुसऱ्या कुणाचं तरी आहे.

आणि नाव गाजलं तरी काम विसरलं जातं, याचंही उदाहरण आपल्याकडेच आहे. सर विश्वेश्वरय्या. १५ सप्टेंबरला प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजात त्यांच्या फोटोला हार घालतात. ते पुण्याच्या सायन्स कॉलेजचे, म्हणजे आजच्या सीओईपीचे विद्यार्थी. १८८३ च्या परीक्षेत पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत ते खान्देशात होते. धुळ्याकडे पांझरेच्या एका प्रवाहातून पाणी पलीकडे न्यायला नळांचा सायफन बांधायचं काम त्यांच्याकडे आलं होतं, आणि म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींत त्यांनी ते नोंदवलंय. धुळ्यातल्या किती इंजिनिअरिंगच्या मुलांना हे ठाऊक असेल? हार फोटोला पडतो, सायफन राहून जातो.

धुळे, ३१ डिसेंबर १९२६

आता आजच्या एपिसोडचा मुख्य माणूस. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. लोक त्यांना इतिहासाचार्य म्हणतात.

राजवाडे डेक्कन कॉलेजचे, १८९१ चे बी.ए. त्या काळात बी.ए. म्हणजे सरकारी नोकरी, पगार, पेन्शन, सगळं समोर वाढून ठेवलेलं. यांनी त्यातलं काही घेतलं नाही. थोडे दिवस शाळेत शिकवलं, 'भाषांतर' नावाचं मासिक काढलं, आणि मग आयुष्यभर एकच काम केलं: गावोगाव फिरून जुनी कागदपत्रं गोळा करणं. कुठल्या तरी वाड्याच्या माळ्यावर मोडी कागदांचे रुमाल बांधून पडलेले. वाळवी लागलेले, भिजलेले, रद्दीत जाण्याच्या बेतात असलेले. मालकाच्या विनवण्या करायच्या, कागद मिळवायचे, नकलून घ्यायचे, छापायचे. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड आला १८९८ मध्ये. एकूण खंड झाले २२. ग्रँट नाही, फेलोशिप नाही, पगार नाही.

आपल्या कॉलेजाबद्दल त्यांना काय वाटत होतं? त्यांनी लिहून ठेवलंय. 'कनिष्ठ, मध्यम व उच्च शाळांतील स्वानुभव' असा त्यांचा लांबलचक लेख आहे. माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणिकेत येतात तसा 'ते सोनेरी दिवस' छापाचा हा लेख नाही. शिकवणं कसं होतं, परीक्षा कशा होत्या, आपण काय वाचत होतो, यावर फटकळपणे लिहिलंय. हॉस्टेलवर राहणाऱ्या कुणीही वाचावा, फार जुना वाटणार नाही.

१९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ सुरू झालं, त्याच्या संस्थापकांत ते होते. पण राजवाड्यांचं फार दिवस कुणाशी जमायचं नाही. तिथेही बिनसलं. शेवटच्या काळात ते धुळ्यात आले आणि ३१ डिसेंबर १९२६ ला इथेच वारले.

आता विचार करा. एकटा माणूस. पत्नी तरुणपणीच गेलेली, पुन्हा लग्न केलं नाही. स्वभाव तापट, भांडणं पुष्कळ. मागे राहिलं काय? कागद. पेट्यांतून भरलेल्या नकला, टिपणं, अर्धवट कोश. बहुतेक घरांत अशा कागदांचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे. दिवस-वार होतात, नातेवाईक खोली रिकामी करतात आणि रद्दीवाला येतो.

धुळ्यात तसं झालं नाही. ९ जानेवारी १९२७ ला, म्हणजे मृत्यूनंतर नवव्या दिवशी, राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झालं. भास्कर वामन भट आणि त्यांच्यासोबतच्या धुळेकरांनी हे केलं. त्यांनी श्रद्धांजलीची सभा तर घेतलीच असेल, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांनी कागदांना घर दिलं. पुढे 'संशोधक' हे नियतकालिक निघालं. राजवाड्यांनी जमवलेला मराठी धातुकोश आणि व्युत्पत्तीचा कोश मंडळानं छापले. मंडळाचं ग्रंथालय, हस्तलिखितं, मूर्तींचं संग्रहालय उभं राहिलं. आणि १९९० च्या दशकात, म्हणजे माणूस जाऊन सुमारे सत्तर वर्षांनी, प्रा. मु. ब. शहा यांच्या संपादनाखाली राजवाड्यांचं समग्र साहित्य १३ खंडांत निघालं.

धुळ्याला ही सवय आधीपासूनची होती. शंकर श्रीकृष्ण देव, लोक त्यांना नानासाहेब देव म्हणत, यांनी १८९३ मध्ये धुळ्यात सत्कार्योत्तेजक सभा काढली. पुढे तिनं रामदासी वाङ्मयाची हस्तलिखितं मठामठांतून गोळा केली. ती जपण्यासाठी १९३५ मध्ये समर्थ वाग्देवता मंदिर झालं. नाव मंदिर, पण आत पोथ्या. कापसाच्या या बाजारपेठेत कागद जपणाऱ्या दोन-दोन संस्था होत्या, ही गोष्ट आपण पुण्याच्या मित्रांना जरा मोठ्यानं सांगायला हरकत नाही.

इथे एक अवघड गोष्टही बोलली पाहिजे. राजवाड्यांची बरीच अनुमानं नंतरच्या अभ्यासकांनी खोडून काढली. जातीविषयीची त्यांची काही मतं आज वाचताना टोचतात, आणि टोचलीच पाहिजेत. मग अशा माणसाची आठवण ठेवायची का? माझं म्हणणं, ठेवायचीच, पण धुळ्यानं ठेवली तशी. कागद जपले गेले म्हणून राजवाड्यांचं काय चुकलं हे दाखवता आलं. कुणीही उठून खंड काढू शकतो, मूळ पत्र वाचू शकतो आणि 'नाही, इथे राजवाडे चुकले' म्हणू शकतो. पुतळ्याशी असा वाद घालता येत नाही.

अमळनेर: 'अज्ञान' लिहिणारे तिघं

धुळ्याहून अमळनेर जवळच. इथे प्रताप शेठ नावाचे गिरणीमालक होते. त्यांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं. देशभरातून तत्त्वज्ञानाचे अभ्यासक यावेत, त्यांना राहायला जागा आणि विद्यावेतन मिळावं, त्यांनी निवांत अभ्यास करावा. परत तेच, पळीभर तेल. या वेळी गिरणीच्या नफ्यातून.

इथे कोण कोण येऊन गेलं? बंगालचे कृष्णचंद्र भट्टाचार्य, विसाव्या शतकातल्या मोठ्या भारतीय तत्त्ववेत्त्यांपैकी एक, काही काळ इथे संचालक होते. घनश्यामदास मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी मिळून १९३३ मध्ये एक इंग्रजी पुस्तक लिहिलं. नाव 'अज्ञान'. त्यातले मूर्ती पुढे बनारसला प्राध्यापक झाले, आणि १९५५ मध्ये माध्यमिक बौद्ध तत्त्वज्ञानावरचं त्यांचं पुस्तक आलं, जे आजही जगभरच्या विद्यापीठांत वाचलं जातं. मूर्ती १९८६ मध्ये गेले. अमळनेरच्या बसस्टँडवर उभं राहून कुणाला 'मूर्ती कोण?' विचारा, क्रिकेटपासून इन्फोसिसपर्यंत उत्तरं येतील. 'अज्ञान'वर पुस्तक लिहिणाऱ्याविषयी आपलं अज्ञान, असा हा प्रकार.

पण याच संस्थेत आलेला एक तरुण मात्र अमळनेर विसरलं नाही. पांडुरंग सदाशिव साने. कोकणातल्या पालगडचा, पुण्यातून बी.ए. झालेला, एम.ए. करायला तत्त्वज्ञान मंदिरात आला. १९२४ मध्ये ते अमळनेरच्याच शाळेत मास्तर झाले, छात्रालय सांभाळू लागले आणि १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. शिक्षकी जेमतेम सहा वर्षांची.

मग लोकांनी मूर्ती विसरले आणि साने गुरुजी का लक्षात ठेवले? फक्त 'श्यामची आई'मुळे? मला नाही वाटत. छात्रालयात गुरुजी मुलांसाठी रोज एक हस्तलिखित दैनिक काढायचे, 'छात्रालय दैनिक'. रोज, स्वतःच्या अक्षरात. जगातल्या बातम्या, गोष्टी, कुणाचं काय चुकलं, कुणी काय चांगलं केलं. त्या मुलांनी ते वाचलं, घरी सांगितलं, पुढे आपल्या मुलांना सांगितलं. ११ जून १९५० ला गुरुजी गेले, तेव्हा त्यांची आठवण ठेवायला संस्था काढावी लागली नाही. ती आधीच शेकडो घरांत पोचली होती.

आणि गुरुजी दुसऱ्यांचंही लिहून घ्यायचे. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर बोलायचे. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा अध्याय, अठरा रविवार. साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं. आज जे 'गीता प्रवचने' पुस्तक आपण बघतो, ते या लेखणीमुळे आहे. तुरुंगात रेकॉर्डर नव्हता, पण शेजारी बसून लिहिणारा एक एम.ए. झालेला माणूस होता.

जळगाव: विद्यापीठावर कुणाचं नाव?

शेवटचा थांबा. २०१८ मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला नाव मिळालं, कवयित्री बहिणाबाई चौधरी. गंमत बघा. विद्यापीठात हजारो पदवीधर होणार, आणि दारावर नाव जिनं शाळेचं तोंड पाहिलं नाही तिचं. असोद्याची लेक, जळगावची सून, शेतात राबलेली, ३ डिसेंबर १९५१ ला गेलेली.

बहिणाबाई आपल्यापर्यंत कशा आल्या? त्या काम करता करता गाणी म्हणायच्या. मुलगा सोपानदेव, स्वतः कवी, आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ती ऐकून लिहून ठेवली. त्या गेल्यावर ते कागद आचार्य अत्र्यांपुढे गेले आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईची गाणी' छापून आली. लिहिणारे दोघं नसते तर? तर बहिणाबाई आपल्या घरातल्या एक गोड आजी राहिल्या असत्या, दोन पिढ्यांनी विसरलेल्या. विद्यापीठाचं नाव काहीतरी दुसरं असतं.

म्हणून मला ते नाव फार योग्य वाटतं. शिकलेल्या माणसाचं पहिलं काम काय, ते त्या नावामागच्या गोष्टीत आहे: जवळच्या माणसाचं काम लिहून ठेवणं.

मग आपण काय करायचं?

चारही ठिकाणच्या गोष्टी एकत्र ठेवल्या तर मला दोनच वस्तू दिसतात. एक, लिहिणारा. दोन, तेल. चांगदेव, भट, साने गुरुजी, सोपानदेव आणि पितांबर, हे लिहिणारे आणि जपणारे. आणि घाणे, गिरणी, वर्गणी, हे तेल. लिहिणारा नसेल तर तेल कुणासाठी? आणि तेल नसेल तर लिहिलेलं वाळवी खाते.

आज आपल्याकडून पटापट निसटतंय ते १९४५ नंतर आपल्या कॉलेजांतून बाहेर पडलेल्या पहिल्या काही पिढ्यांचं आयुष्य. घरातला पहिला पदवीधर, तालुक्यातली पहिली एम.एस्सी. झालेली बाई, पाटबंधाऱ्यात नोकरी करून निवृत्त झालेला ओव्हरसियर, चाळीस वर्षं झेडपीच्या शाळेत गणित शिकवलेले गुरुजी. हे राजवाडे नव्हेत, यांच्यावर कुणी १३ खंड काढणार नाही. पण खान्देश घडवला यांनीच. आणि यांची मुलं आता पुणे, नाशिक, सुरत, न्यू जर्सीला आहेत. घर विकलं जातं, कपाट रिकामं होतं.

तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर काळी चौकट आली की हात जोडाच. पण आठवड्याभरानं, घर जरा सावरल्यावर, कुणीतरी एकानं पाच गोष्टी विचारा. कुठल्या गावातून कॉलेजला आले आणि फी कशी भरली? कोणत्या वर्षी, कोणत्या विषयात, कोणत्या विद्यापीठाची पदवी? कुठे कुठे नोकरी किंवा धंदा केला, आणि त्यातलं आजही उभं किंवा चालू असलेलं काम कोणतं? त्यांच्याकडून कोण शिकलं? आणि वह्या, पत्रं, फोटो कुठे आहेत?

फोनमध्ये रेकॉर्डर आहे, स्कॅनर आहे. वर्ग घेताना वापरलेली वही असेल तर पानापानाचा फोटो काढा. जे सांगतील त्यांची परवानगी घ्या. आजारपण, घरगुती भांडणं, फोन नंबर हे नेटवर टाकायचं नाही. आणि गोड-गोडच लिहायचं असंही नाही. कडक होते तर कडक लिहा, चुकले असतील तर तेही लिहा. राजवाड्यांच्या बाबतीत जे चाललं ते आपल्या सरांच्या बाबतीतही चालेल.

आता तेलाचं. कॉलेजच्या पोरांनी उत्साहात माजी विद्यार्थ्यांची वेबसाइट काढलेली असते. दोन वर्षं चालते, मग ज्याच्या कार्डावरून डोमेनचे पैसे जायचे तो नोकरी बदलतो आणि साइट गायब. म्हणून एका जागी ठेवू नका. एक प्रत घरच्यांकडे, एक कॉलेजच्या ग्रंथपालांकडे छापून, आणि मजकूर ऐतिहासिक महत्त्वाचा असेल तर राजवाडे मंडळासारख्या संस्थेला विचारून तिकडे. आमच्यात बॅकअपचा नियमच आहे, तीन प्रती आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. आणि बॅचच्या गेट-टुगेदरला हॉलचं भाडं नि जेवण यासाठी वर्गणी काढतो, तेव्हा माणशी थोडे पैसे छपाईसाठी बाजूला काढा. घाण्यामागे पळी, तसं ताटामागे पळी.

एवढं केलं तरी पुष्कळ. पुढच्या पिढीतली एखादी मुलगी कॉलेजच्या लायब्ररीत बसून म्हणेल, "अरे, हाई तं आमना गावना पोर्‍या व्हता!" आणि तो काय शिकला, कुठे गेला, काय करून ठेवलं, हे तिला समोरच्या पानावर सापडेल.

तुमच्या कॉलेजातून शिकून गेलेल्या, आता हयात नसलेल्या एका व्यक्तीबद्दल, घरच्यांना विचारून, त्या पाच प्रश्नांची उत्तरं आम्हाला ऑडिओ करून पाठवा. दहा मिनिटांच्या आत. काही निवडक पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवू. आणि पाटणादेवीला गेलात तर दर्शनानंतर शिलालेखासमोर दोन मिनिटं थांबा.

भेटू पुढच्या आठवड्यात. राम राम.